नखभर उघडा खण

मित्रांनो, कपाट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कपडे येतात, भांडी येतात, नाहीतर आईने तुमच्यापासून लपवून ठेवलेला खाऊ येतो. माझ्यात यातले काहीच कधी नव्हते. मी चोवीस खणांचे एक जुने लाकडी कपाट आहे आणि माझ्या पोटात आयुष्यभर मेलेली माणसे राहिली. घाबरू नका. ती कार्डांवर राहत होती. हाताच्या पंजाएवढे एकेक कार्ड आणि त्यावर निळ्या शाईचे बारीक अक्षर. कोणी काय पाहिले, कोण कुठे बुडाले, कोणाचा पत्ताच लागला नाही, हे सगळे त्यात. विद्यापीठाच्या इतिहास विभागात मी जवळजवळ पन्नास वर्षे काढली. तिथे माझ्या देखत, खरे तर माझ्या आत, एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

मला घडवणारा सुतार मोठा तऱ्हेवाईक होता. काम पुरे होईपर्यंत तो कोणाचे कौतुक ऐकून घेत नसे आणि पुरे झाल्यावर कोणी कौतुक केले नाही तर रुसून बसे. प्रत्येक खण तो एका बोटाने ओढून बघायचा आणि एका बोटाने ढकलून बघायचा. "जोर लावावा लागला तर समज, कुठेतरी काहीतरी अडलंय," असे तो आपल्या धाकट्या भावाला सांगायचा. हे वाक्य तेव्हा माझ्या एका फळीतून शिरले आणि दुसऱ्या फळीतून निघून गेले. पुढे मात्र ते माझ्या मानगुटीवर बसले.

माझी भावंडे ग्रंथालयात गेली. त्यांच्या प्रत्येक खणात तळाशी एक पितळी सळई असे आणि सगळी कार्डे त्या सळईत ओवलेली असत. त्यामुळे एकही कार्ड जागचे हलत नसे. मी इतिहास विभागात गेलो आणि तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी माझ्या चोवीसही सळया काढून टाकल्या. त्यांना कार्डे हलवायची असत. आज हे कार्ड त्या कार्डाशेजारी ठेवून बघायचे, उद्या तिसऱ्याच्या मागे. दोन माणसे शेजारी आणली की ती एकमेकांशी बोलायला लागतात, असे सर म्हणायचे. त्यांचे खरे होते. मी ती कुजबुज ऐकत आलो आहे.

सरांना विद्यार्थ्यांनी नाव ठेवले होते 'तळटीप'. पुस्तकात पानाच्या तळाशी, ही माहिती कुठून घेतली ते बारीक अक्षरात लिहितात ना, ती तळटीप. सर साधे बोलतानासुद्धा पुरावा मागायचे. कोणी म्हणाले, "सर, बाहेर फार ऊन आहे," तर हे विचारणार, "तुम्ही स्वतः पाहिलंत, की कोणी सांगितलं?" त्यांच्या बायकोने घरून निरोप पाठवला तरी ते आधी त्यावर तारीख आहे का बघत. पण माणूस सरळ होता. आपल्या स्मरणशक्तीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माणूस आठवणीत भर घालतो, कार्ड घालत नाही, हे त्यांचे ब्रीद होते.

त्यांनी अभ्यासाला विषय घेतला एका महापुराचा. त्याच्या पंचवीस वर्षे आधी नदीकाठचे एक गाव आणि दोन्ही काठांवर ताणलेल्या दोराला बांधून चालणारी तिथली नाव त्या पुरात सापडली होती. पूर ओसरल्यावर सरकारने चौकशी केली, वाचलेल्या माणसांच्या जबान्या घेतल्या आणि ते कागदांचे बाड एका दफ्तरखान्यात पडून राहिले. सर सुट्टीत तिथे जाऊन बसले. दफ्तरखान्यातून कागद बाहेर नेता येत नसत, म्हणून जबानी वाचायची आणि कार्डावर उतरवून घ्यायची. मजकूर एका कार्डात मावला नाही तर खालच्या उजव्या कोपऱ्यात एक बाण काढायचा, म्हणजे पुढचे कार्ड आहे हे समजायचे. त्या बाणाशिवाय सर कधी पुढच्या कार्डाला हात लावत नसत.

फक्त एकदा लावला. शेवटच्या दिवशी, शेवटच्या जबानीला. पाच वाजत आले होते, दफ्तरखान्याचा माणूस किल्ल्या वाजवत उभा होता. जबानी एका शिक्षिकेची होती, ती त्या नावेत होती. सरांनी पहिले कार्ड भरले. त्यावर शेवटची ओळ अशी आली: 'नाव मधोमध अडकली. नावाड्याने कोयत्याने दोर कापला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.' ओळ बरोबर कार्डाच्या काठाशी संपली. वाक्यही पुरे झाले. घाईत बाण काढायचा राहिला. दुसरे कार्ड त्यांनी भराभर लिहिले, सगळा गठ्ठा रबराने बांधला आणि परत आल्यावर माझ्या चौदाव्या खणात लावला. खण आधीच काठोकाठ भरलेला. ते दुसरे कार्ड सगळ्यात मागे, सगळ्यांच्या वर डोके काढून उभे राहिले. सरांनी खण सारला आणि ते मागच्या बुटक्या फळीवरून पलीकडे घसरले. खणाची पाठ आणि माझी पाठ यांच्या मधल्या अंधारात ते पडले.

तिथे सळई असती तर ते पडले नसते. मी हे सरांना दोष देण्यासाठी म्हणत नाही.

त्या दिवसापासून चौदावा खण पूर्ण मिटेना. जेमतेम नखभर उघडा राहायचा. सर तळहाताने एक धक्का द्यायचे आणि तो तेवढ्यापुरता बसायचा. त्या प्रत्येक धक्क्याबरोबर आतले कार्ड थोडे आणखी दुमडायचे. वर पंखा सुरू असला की त्या फटीतून बारीक आवाज यायचा. विभागातल्या एक बाई त्या आवाजाने बेजार होऊन दुसऱ्या टेबलावर बसायला गेल्या. "कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. लोक हसले. मी हसलो नाही, कारण मला ते कार्ड तोंडपाठ झाले होते.

सात वर्षांनी सरांनी पुस्तक लिहायला घेतले. तोवर दफ्तरखान्यातले ते बाड ओल लागून कुजले आणि टाकून देण्यात आले होते. जगात त्या जबानीची एकच प्रत उरली होती आणि ती माझ्यात होती. अर्धी समोर, अर्धी पाठीमागे. सरांनी चौदावा खण ओढला, पहिले कार्ड काढले, कोपऱ्यात बाण आहे का पाहिले. बाण नव्हता. मी माझ्या परीने करकरलो. लाकूड करकरते म्हणजे काही सांगते, हे कोणाच्या मनात येणार? सरांनी लिहिले की नावेत त्रेचाळीस माणसे असताना नावाड्याने दोर कापला आणि तो नाहीसा झाला. बारा माणसे बुडाली.

पुस्तक गाजले. सरांचा मानसन्मान झाला, वर्तमानपत्रात माझ्यावर कोपर टेकवलेला त्यांचा फोटो आला. खोटे कशाला बोलू, मलाही मूठभर मांस चढले. मग इतरांनी आपल्या पुस्तकांत ते वाक्य घेतले आणि खाली सरांची तळटीप दिली. त्यांच्या पुस्तकांवरून आणखी कोणी घेतले. शाळेच्या पुस्तकात आले. शेवटी ते लोकांच्या तोंडात बसले. कोणी ऐनवेळी अंग काढून घेतले की माणसे म्हणू लागली, "याने नावाड्यासारखा दोर कापला." आमच्याच विभागात परीक्षेच्या कामाला दांडी मारणाऱ्या प्राध्यापकाला उद्देशून हे म्हटले जाई, आणि चौदाव्या खणासमोर चहाचे पेले हातात घेऊन सगळे हसत. तेव्हा माझ्या आत ते कार्ड हलल्याचा मला भास व्हायचा. वारा नसायचा, पंखा बंद असायचा, तरी व्हायचा.

एके दिवशी दुपारी विभागात एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. हातात कापडी पिशवी, दवाखान्यात परिचारिकेची पाळी संपवून तशीच आलेली, पायांत पांढरे बूट. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पुस्तकात ज्या नावाड्याबद्दल लिहिलंय, त्याची मी मुलगी."

सर उठून उभे राहिले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले. ती म्हणाली, "पूर आला तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझे वडील पळून जाणाऱ्यातले नव्हते, असं आई मरेपर्यंत सांगायची. तुमचं पुस्तक आलं आणि माझ्या भावाने आडनाव बदललं. माझ्या मुलीला शाळेत तो धडा उभं राहून वाचायला लावला. मी भांडायला नाही आले. मला फक्त बघायचंय, लिहिलंय तरी काय."

सरांनी चौदावा खण ओढून तिला ते कार्ड दाखवले. तिने ते दोनदा वाचले. नुसते बोट फिरवले त्या अक्षरांवरून.

"यात पळाला असं कुठंय?" तिने विचारले. "दिसला नाही एवढंच आहे."

"दोर कापला, आणि दिसला नाही," सर म्हणाले. "त्याचा दुसरा अर्थ लावायला मला पुरावा लागेल, बाई. तुमच्या आईंचं सांगणं मी खोटं म्हणत नाही. पण त्या स्वतः नावेत नव्हत्या. एखादं पत्र, कागद, काहीही असेल तर आणा. मी पुस्तक बदलीन."

"कागद कुठून आणू? पुरात घर गेलं आमचं."

पुरावा मागताना सरांनी क्षणभर डोळे मिटले होते. काहीतरी आठवल्यासारखे कपाळ चोळले होते. मग त्यांनी मान हलवली. तिने कार्ड परत जागेवर ठेवले आणि, माणूस भला असला की असेच करतो, काढलेला खण आपल्या हाताने सारला. तो नखभर उघडा राहिला. तिने पुन्हा ढकलला.

"काहीतरी अडतंय," ती म्हणाली.

"लाकूड फुगलंय. जुनं कपाट आहे. जोर लावा थोडा."

तिने तळहात लावला आणि जोर लावला. मित्रांनो, मी तेव्हा काय करू शकत होतो? मला पाय नाहीत, तोंड नाही. सुताराने मला जे जे दिले ते सगळे ताणून मी तो खण धरून ठेवला. पण दिवसभर रुग्णांना उचलणारा तो हात होता. खण बसला. आत तिच्या वडिलांचे कार्ड मधोमध दुमडले, तिच्या हाताने. ती सरांना नमस्कार करून गेली. तिच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत सर उभेच होते.

पुढे सर निवृत्त झाले. संगणक आले आणि माझी पडती सुरू झाली. आधी माझ्यावर कुंडी आली, मग ओल्या छत्र्या, मग मला खोलीतून काढून बाहेरच्या लांब बोळात भिंतीशी लावले. जाणारी येणारी मुले माझ्यावर पाठ टेकून फोनवर बोलत. माझ्या एका खणात कोणी तरी अर्धा चावलेला सफरचंदाचा तुकडा ठेवला होता. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटायचे ते सुट्टीत, बोळ रिकामा असताना. तेव्हा दोन हजार माणसे माझ्यात कुजबुजायची आणि चौदाव्या खणामागे एकच माणूस काही न बोलता असायचा. बोलणाऱ्यांची सवय होते. न बोलणाऱ्याची मला कधी झाली नाही.

मग एका वर्षी ठरले की माझी सगळी कार्डे यंत्राने टिपून संगणकात घालायची आणि मला मोडीत काढायचे. हे काम विभागाच्या शिपाईमामांकडे आले. मामांची माझी जुनी ओळख. ती बाई आली त्याच वर्षी ते नोकरीला लागले होते आणि चौदाव्या खणाच्या कडांना साबण चोळून चोळून त्यांनी माझी सेवा केली होती. आता तेही निवृत्तीला आले होते. यंत्र दुसऱ्या खोलीत असल्यामुळे खणच्या खण उचलून न्यायचे होते. खण ओढताना पूर्ण निघून पायावर पडू नये म्हणून सुताराने आत एक छोटी खुंटी बसवली होती. ती बोटाने वर उचलली की खण हातात येतो. एवढ्या वर्षांत तेवढे बोट कोणी घातले नव्हते. मामांनी घातले. चौदावा खण बाहेर आला आणि मामांनी सवयीने आत हात फिरवला.

"अरेच्चा," ते म्हणाले. "इथं तर हे आहे."

त्यांनी कार्ड उलगडले, वाचले आणि तिथेच बोळात जमिनीवर बसले. मग उठून सरांच्या घरी फोन लावला.

सर दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले. ऐंशी उलटली होती. मामांनी कार्ड त्यांच्या हातात दिले. सरांनी आधी काय पाहिले असेल? अक्षर. आपलेच आहे याची खात्री करून घेतली. मग डावीकडच्या कोपऱ्यातले 'मागील कार्डावरून' हे शब्द वाचले. मग पहिले कार्ड मागून घेतले आणि त्याच्या उजव्या कोपऱ्याकडे, जिथे बाण नव्हता तिथे, पुष्कळ वेळ बघत राहिले.

"मामा, त्या बाई अजून आहेत का, शोधता येईल?" त्यांनी विचारले.

ती होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती, डोळ्यांना कमी दिसत होते. मुलीने हाताला धरून तिला बोळापर्यंत आणले आणि मामांनी माझ्यासमोर खुर्ची मांडली. सर बसले नाहीत. त्यांनी उभ्यानेच कार्ड वाचले.

"दोर ताणल्यामुळे नाव एका अंगाने पाण्यात जात होती. बारा माणसे त्याआधीच पडली होती. दोराची गाठ बाहेरच्या बाजूला पाण्याखाली होती. नावाडी म्हणाला, सगळे डावीकडे सरका, मुलांना मध्ये घ्या. तो बाहेर उतरला आणि एका हाताने नाव धरून त्याने दोर कापला. नाव सुटून वाळूच्या बेटाला लागली. आम्ही एकतीस माणसे वाचलो. दोराबरोबर तो वाहत गेला. मी हे स्वतः पाहिले आहे."

म्हातारीने विचारले, "मुलांना मध्ये घ्या, असं म्हणाले?"

"हो."

"घरीसुद्धा तेच म्हणायचे. झोपताना. मुलांना मध्ये घ्या."

मग सर म्हणाले, "तुम्हाला अजून एक सांगायचंय. तुम्ही आला होतात त्या दिवशी मला पुसट आठवलं होतं. गाठ पाण्याखाली होती, असं काहीतरी. पण कार्ड नव्हतं. म्हणून मी बोललो नाही."

"आठवलं होतं, तर तेवढंच म्हणायचं होतं, सर. खरं की खोटं ते मागून बघितलं असतं. मी तेहतीस वर्षं त्यावर काढली असती."

तिने अंदाजाने हात पुढे केला आणि माझ्या अंगावरून फिरवत फिरवत चौदाव्या खणाची मोकळी जागा शोधून काढली. आतपर्यंत हात घातला. पाठीच्या फळीला तिची बोटे लागली.

"मी म्हटलं होतं, काहीतरी अडतंय," ती म्हणाली. "आणि मीच ढकललं."

मला लाज वाटली. आजही वाटते.

सरांनी पुढे पुस्तक बदलले आणि स्वतःची चूक तळटिपेत नाही, पहिल्या पानावर लिहिली. शाळेच्या पुस्तकातला धडाही निघाला. म्हातारीने ती बातमी मुलीकडून तीनदा वाचून घेतली, असे मामांनी सांगितले. तिच्या भावाला ती मिळाली नाही, तो आधीच गेला होता. पुस्तक दुरुस्त होते, तोंडे होत नाहीत. परवाच माझ्यासमोरून जाताना एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "ऐनवेळी नावाड्यासारखा दोर कापलास ना?" जो दोर कापल्यामुळे एकतीस माणसे वाचली, तो अजून तिच्या वडिलांच्या गळ्याभोवतीच आहे.

मला मोडीत काढायचे राहिले. सरांनी हट्टच धरला. इतिहासाच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी आता माझ्यासमोर आणतात आणि चौदावा खण पूर्ण बाहेर काढून मागचा अंधार दाखवतात. मित्रांनो, मी तुमच्याकडे पॉलिश मागत नाही, की धूळ पुसा असेही म्हणत नाही. मला घडवणारा सुतार एवढेच सांगायचा आणि मीही एवढेच सांगतो. एखादा खण मिटत नसेल तर जोर लावू नका. खुंटीखाली बोट घाला, तो बाहेर काढा आणि आत हात फिरवा. तिथे कोणीतरी असू शकते.

आता चौदावा खण एका बोटाने बसतो. फट नाही, आवाज नाही. पंखा दिवसभर फिरत असतो. सगळे म्हणतात, आता कसे छान झाले. आणि मी अजून रोज संध्याकाळी, बोळ रिकामा झाला की, तो खण नखभर पुढे सरकण्याची वाट बघतो.